वाचनालयाचा ध्वनिसंग्रह : कामाची डिस्क वेगळी, कपाटातली वेगळी

12 मार्च 2024, गावभाग, सांगली

आजपासून काम सुरू. दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत अशा दोन गोष्टी आमच्या वाचनालयाकडे आहेत. एक म्हणजे कॅसेटचा साठा: नाट्यसंगीताच्या बैठकी, व्याख्यानमाला, मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेत कुणीतरी हौसेने टेप करून ठेवलेलं गाणं. दुसरी गोष्ट म्हणजे हाताने लिहिलेल्या नोंदवह्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. तळमजल्यावरच्या पुस्तकांचा लगदा झाला. कॅसेट आणि वह्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हाच कार्यकारिणीने ठरवलं होतं की हे सगळं संगणकावर घ्यायचं. आता पैसे जमलेत.

आधी जागेचा हिशोब केला. ध्वनी 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ असा घ्यायचा, जतनाच्या कामात हेच रूढ आहे. सेकंदाला 96,000 नमुने, प्रत्येकी 3 बाइट, दोन चॅनल, म्हणजे 5,76,000 बाइट. तासाला साधारण 2 जीबी. कॅसेट अंदाजे 600 तासांच्या, म्हणजे सव्वा टीबी. वहीचं ए-4 पान 400 डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की न दाबलेली फाइल 46 एमबीची होते. पानं नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे आणखी चारशे जीबीच्या वर. एकूण पावणेदोन टीबी धरून चालायला हरकत नाही.

15 मार्च

वाचनालयातला संगणक जुना आहे, एच 61 चिपसेटचा (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप). आत 7200 आरपीएमची 500 जीबी हार्ड डिस्क. चालू केल्यापासून काम करण्याजोगा व्हायला दोन मिनिटांच्या आसपास घेतो. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सकाळी बटण दाबायचं आणि पेपर लावून यायचं, तोवर होतो."

डिस्क तपासली. मोठी फाइल एकसलग वाचताना सुरुवातीच्या भागात सेकंदाला 110 एमबी, शेवटाकडे 60 च्या खाली. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माहिती मावते, आतल्या बाजूला कमी, म्हणून हा फरक. यात वावगं काही नाही. खरी अडचण सुट्या, विखुरलेल्या तुकड्यांची. तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, 4.17 मिलिसेकंद. शिवाय हेडचा दांडा त्या पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एका खेपेला तेरा धरले तर सेकंदाला पाऊणशे खेपा. प्रत्येक खेपेला 4 केबी उचलले तर सेकंदाला जेमतेम 300 केबी. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल इथून तिथून गोळा करतं, त्यामुळे तिथेच सगळा वेळ जातो.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते, तिच्यात रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब म्हणून बदललेल्या जागांचा) आकडा शून्य नाही, पेंडिंग सेक्टरही (वाचायला अडणाऱ्या जागा) काही दिसतात. या डिस्कवर नवं काम ठेवायचं नाही.

18 मार्च

विश्रामबागेतल्या दुकानातून 500 जीबीची साटा एसएसडी आणली, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. साटा ही हार्ड डिस्क लावतात तीच जोडणी. दुकानदाराचा आग्रह एनव्हीएमईचा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या जास्त वेगाच्या एसएसडीचा होता: "ओ, साडेतीन हजारचा स्पीड हाय, साटा कशाला घेताय?" त्याचं खरं आहे, ती डिस्क सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचू शकते. पण आमच्या बोर्डावर ती बसवायला लागणारा एम-डॉट-टूचा खाचाच नाही. आणि एच 61 ला साटा पोर्टही दुसऱ्या पिढीचे, 3 गिगाबिटचे. एसएसडीची क्षमता साडेपाचशेची असली तरी इथे तिला 270 एमबीच्या आसपासच अडावं लागतं.

तरी फरक इतका पडला की मॅडमनी पुन्हा बंद करून पुन्हा चालू करायला लावला. वीस-बावीस सेकंदांत संगणक तयार. दुकानात, जाहिरातीत जो वेग सांगतात तो मोठ्या सलग फाइलचा. जुन्या यंत्राला जीव येतो तो दुसऱ्याच आकड्याने: एसएसडीला कुठलीही जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो, कारण सरकायला दांडा नाही आणि वाट बघायला तबकडी नाही. सांगलीत कित्येक शाळांत, पतसंस्थांत असे दहा-बारा वर्षांचे संगणक भंगारात काढायच्या बेतात असतात. त्यांनी आधी एवढं करून बघावं, हे मला मनापासून वाटतं.

बसवताना बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा एएचसीआय या नव्या पद्धतीवर केलं. विंडोज नव्याने टाकलं, जुन्या डिस्कची प्रत मारली नाही. डिस्कच्या ऑप्टिमाइझ खिडकीत तिचा प्रकार 'सॉलिड स्टेट' दिसतोय ना ते पाहिलं. तसं दिसलं की विंडोज तिच्यावर डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे सलग लावणं) न करता ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवणं) चालवतं. डीफ्रॅगने एसएसडीला फायदा काही नाही, लिखाण मात्र फुकट वाढतं.

21 मार्च

मॅडमनी सरळ विचारलं, "यात काही फिरत नाही, मग लिहितं कशावर?" त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. पुढे जो हे काम बघेल त्याला उपयोगी पडेल.

हार्ड डिस्कमध्ये तबकडीवरच्या चुंबकीय थरातले बारीक कण एका दिशेला किंवा उलट दिशेला वळवले जातात. आयबीएमने 1956 मध्ये पहिली अशी डिस्क विकायला काढली, तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं. आमच्या दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणालाही ती पुरली नसती. आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं, पण तत्त्व तेच आहे.

एसएसडीतल्या चिपमध्ये, म्हणजे फ्लॅशमध्ये, चुंबक नाही. 1967 मध्ये बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेलं एक जादा गेट घालायची कल्पना मांडली. त्या गेटवर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले की वीज गेली तरी ते तिथेच अडकून राहतात. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये फ्लॅश मेमरी मांडली आणि 1987 मध्ये तिचा नॅन्ड प्रकार. आपले पेन ड्राइव्ह, मोबाइल, एसएसडी सगळे या नॅन्डवर चालतात.

अशा एका ट्रान्झिस्टरच्या कप्प्यात एकच बिट ठेवलं तर इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत एवढंच ओळखायचं असतं. आमच्या एसएसडीत टीएलसी आहे, कप्प्याला तीन बिट, म्हणजे आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या. मापट्यावर दोनच खुणा असल्या तर थोडं सांडलं तरी कळतं किती होतं. आठ खुणा असल्या की थोडंसं सांडलं तरी माप चुकतं. क्यूएलसीत तर सोळा पातळ्या. स्वस्ताई येते ती यातूनच, आणि नाजूकपणाही.

आणखी एक गोष्ट. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. लिहायचं ते काही केबींच्या पानात, पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पानं असतात. म्हणून आतला कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारी चिप) सतत हलवाहलव करत असतो: नवं लिखाण मोकळ्या जागी, जुनं बाद, आणि मग फावल्या वेळात बाद पानांचे ब्लॉक गोळा करून पुसणं. प्रत्येक पुसण्याने इन्सुलेशन थोडं झिजतं. टीएलसीचा कप्पा साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसणं सोसतो, म्हणून कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटतो.

यावरून "एसएसडी लवकर झिजते" अशी भीती घालणारे बरेच आहेत. आमचा हिशोब: या डिस्कच्या हमीपत्रावर 300 टीबी लिखाण दिलंय. आम्ही रोज जास्तीत जास्त 25 जीबी लिहिणार. बारा हजार दिवस, म्हणजे बत्तीस वर्षं. हा संगणक त्याच्या खूप आधी जाईल. झिजेची चिंता या कामापुरती सोडून द्यायला हरकत नाही.

2 एप्रिल

कॅसेट प्लेअरची हेड स्पिरिटने साफ केली, ॲझिमथ (हेडचा फितीशी असलेला कोन) जुळवला. दोन डेक एकाच वेळी चालतात. काम सुरळीत.

9 एप्रिल

पाडवा. बंद.

16 एप्रिल

कार्यकारिणीची बैठक. मुद्दा: फाइल कायमच्या ठेवायच्या कशावर? अध्यक्ष सरांचं म्हणणं, "एसएसडी नवीन आहे, पडली तरी मोडत नाही, मग सगळ्या प्रती एसएसडीवरच घेऊ. एकदाच खर्च." बऱ्याच जणांना ते पटलं होतं. एका सदस्यांनी खिशातून 2 टीबीचा पेन ड्राइव्ह काढला, ऑनलाइन अगदी किरकोळ किमतीला मिळालेला. "हे पाच घेतले की झालं."

पेन ड्राइव्ह त्यांच्यासमोरच लावला. विंडोजने 2 टीबीच दाखवलं. मग तो काठोकाठ भरून परत वाचून ताडून बघणारा प्रोग्रॅम चालू केला आणि रात्रभर तसाच ठेवला.

17 एप्रिल

सकाळी निकाल: 32 जीबीच्या आसपास माहिती जुळते, त्यापुढचं सगळं चुकीचं. आतल्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की तो लिहिल्यासारखं दाखवतो आणि प्रत्यक्षात टाकून देतो. फाइलची नावं दिसतात, आकारही बरोबर दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. या ड्राइव्हवर कुणाच्या लग्नाचे फोटो गेले असते तर कळायला वर्ष लागलं असतं. सदस्यांना फोन केला. त्यांनी तो ड्राइव्ह कामाला न घेण्याचं लगेच मान्य केलं आणि ही चाचणी वाचकांना दाखवायला वाचनालयात एक दुपार ठेवू, असंही स्वतःच सुचवलं.

20 एप्रिल

सरांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांनी ते आस्थेने विचारलंय आणि निम्मं बरोबर आहे. चालू हार्ड डिस्कला सत्तर-ऐंशी जीचा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं माप) धक्का सोसतो, बंद असताना तीनशेच्या आसपास. एसएसडीच्या पत्रकावर दीड हजार जी असतो. रोज पिशवीतून फिरणाऱ्या लॅपटॉपला एसएसडीच हवी, त्यात वाद नाही.

पण आमची डिस्क फिरणार नाही. ती कपाटात पडून राहणार, वीज नसलेली, वर्षानुवर्षं. प्रश्न वेगाचा नाही, धक्क्याचाही नाही. डिस्क पडून असताना आत काय होतं, आणि ती जाते तेव्हा कशी जाते, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

पहिला प्रश्न. फ्लॅशमधले अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. चालू डिस्कमध्ये कंट्रोलर कमकुवत झालेली पानं वेळीच दुसरीकडे लिहून घेऊ शकतो, बंद डिस्कमध्ये हे बघायला कुणी नसतं. जेडेक या संस्थेचं मानक असं आहे: घरगुती वापराच्या एसएसडीने तिचं हमीचं सगळं लिखाण संपवल्यावर, बंद अवस्थेत 30 अंश सेल्सियसला किमान एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीला 40 अंशांना तीन महिने. हे आकडे पूर्ण झिजलेल्या डिस्कचे आहेत. नवी, फारशी न लिहिलेली डिस्क याच्या कितीतरी जास्त टिकते, तेव्हा वर्षभरात सगळं पुसलं जाईल असं म्हणणं चूक. तरी दहा-पंधरा वर्षं कपाटात ठेवायच्या गोष्टीसाठी मला हे मानक पुरेसं वाटत नाही. त्यात उष्णता वाढली की गळती वाढते. आज बाहेर 40 अंश आहे आणि आमचा माळा पत्र्याखाली आहे.

चुंबकीय कणांना दिशा धरून ठेवायला वीज लागत नाही. हार्ड डिस्कला पडून राहण्याचा त्रास होतो तो यंत्राच्या भागांना: बेअरिंगमधलं वंगण, मोटर, हेड. म्हणून तिला अधूनमधून फिरवावं लागतं.

दुसरा प्रश्न. हार्ड डिस्क पुष्कळदा सांगून जाते. पेंडिंग सेक्टर वाढतात, कॉपी अडखळते, टकटक आवाज येतो. अगदी बंद पडली तरी प्रयोगशाळेत हेड बदलून तबकड्या वाचता येतात, खर्च मोठा असतो पण वाट असते. एसएसडीचा कंट्रोलर गेला तर ती संगणकाला दिसेनाशीच होते, आणि कुठला तुकडा कुठल्या चिपवर आहे याचा नकाशा त्याच्याकडेच. बऱ्याच डिस्कमध्ये माहिती कूटबद्धही असते. ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही बहुतेकदा नसते. सगळ्या हार्ड डिस्क आधी इशारा देतात असं नाही, काही एकदम जातात. म्हणून एका डिस्कवर विसंबायचंच नाही.

माझा निर्णय: काम एसएसडीवर, जतन हार्ड डिस्कवर, दोन प्रती दोन गावांत. सरांना सविस्तर पत्र दिलं.

24 एप्रिल

सर स्वतः आले. पत्र वाचून आले होते, पेन्सिलीने खुणा केलेल्या. एकच प्रश्न: "पुन्हा पूर आला तर?"

सांगितलं. बहुतेक हार्ड डिस्कच्या अंगावर हवेचा दाब सारखा ठेवायला एक बारीक छिद्र असतं, आत गाळणी. बुडाली तर तिथून पाणी आत जातं. हीलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, पण आम्हाला लागणाऱ्या आकारात त्या सहसा मिळत नाहीत. बुडालेली डिस्क घरी चालू करायची नाही आणि उन्हात वाळवायचीही नाही, कारण गाळ तबकडीवर सुकून बसतो. ओलसर ठेवूनच प्रयोगशाळेत पाठवायची. एसएसडी बंद असताना भिजली तर वाचायची शक्यता अधिक, पण कृष्णेच्या गाळाच्या पाण्यात दिवस-दिवस पडून राहिली तर तिचेही सांधे गंजतात. पुरावरचा उपाय कुठल्याच डिस्कमध्ये नाही, तो जागेत आहे.

तात्या, आमचे विट्याचे विश्वस्त, तिथेच बसले होते. म्हणाले, "मग एक डिस्क माझ्याकडं द्या की. विट्याला पाण्याची वाट बघत जन्म गेला, कृष्णा काय तिथवर येत नाही." ठरलं. एक प्रत वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली नव्हे, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. दुसरी विट्याला.

6 मे

साडेतीन इंची, 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या. मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एका खेपेतला दोष दोन्हीत येणार नाही. दुकानदाराने सांगितलेल्या भावात तेवढ्याच जागेची एसएसडी जवळजवळ तिप्पट पडत होती. वाचलेल्या पैशात दुसरी प्रत निघाली.

घेताना सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी सुटे लिहिणारी) आहे ना ते पत्रकात पाहून घेतलं. एसएमआर प्रकारात पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या कामाला तीही चालली असती, पण पुढे स्कॅनच्या फाइल दुरुस्त होत राहणार आहेत.

उद्या लोकसभेचं मतदान, वाचनालय बंद.

11 मे

एसएसडी तीन-चतुर्थांशाच्या वर भरली, सुमारे 180 तासांचं ध्वनिमुद्रण, 370 जीबी. टीएलसी डिस्क आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग कप्प्याला एकच बिट ठेवून झटपट लिहायला वापरते. डिस्क भरत आली की ती जागा आकसते आणि लिहिण्याचा वेग खाली येतो. दोन डेकचं काम अजून अडलेलं नाही, पण पहिली तुकडी हलवायची वेळ झाली.

नव्या दोन्ही डिस्क आधी काठोकाठ लिहून, वाचून तपासल्या. पेन ड्राइव्हची चाचणी इथेही. दोन्ही चोख.

13 मे

कॉपी. डिस्क यूएसबीच्या डब्यातून न लावता सरळ आतल्या साटा पोर्टला लावल्या. या बोर्डावर यूएसबी 2 च आहे, त्यातून सेकंदाला 35 एमबी मिळाले असते आणि एका प्रतीला तीन तास गेले असते. साटावर सरासरी 150 एमबी, पाऊण तासात एक प्रत. जुनी डिस्क विंडोजखाली ज्या कारणाने रांगत होती ते कारणच इथे नाही: दोन-तीन जीबीच्या सलग फाइल, हेडला उड्या मारायला लागत नाहीत. अशा कामात हार्ड डिस्क कुठेही कमी पडत नाही.

प्रत्येक फाइलचा शा-256 चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून यादी तिन्ही ठिकाणी ठेवली. फाइलमधलं एक बिट जरी बदललं तरी हा आकडा पूर्ण बदलतो.

14 मे

दोन्ही डिस्कवरचे चेकसम मूळ फाइलशी जुळले. लेबलवर खरेदीची तारीख, तुकडी क्रमांक आणि "दर वर्षी मे महिन्यात फिरवून तपासणे" असं मॅडमच्या अक्षरात. पावसाळ्याआधीच तपासणी झाली की कपाट हलवायचं असेल तर तेही ठरवता येतं. पाच वर्षांनी डिस्क बदलायच्या, बऱ्या असल्या तरी.

विट्याची डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, वर फोम, मग डब्यात. तात्या एसटीने घेऊन गेले. बंद असल्यावर एसटीच्या धक्क्यांनी तिला काही होत नाही. पोचल्यावर लगेच लावू नका, गरम डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एवढं सांगितलं.

एसएसडीवरच्या मूळ फाइल अजून पुसलेल्या नाहीत. ट्रिम झालं की त्या परत येणार नाहीत, त्यामुळे विट्याचा निरोप येईपर्यंत हात लावायचा नाही.

17 मे

तात्यांच्या नातवाने तिथल्या संगणकावर डिस्क लावून यादीप्रमाणे सगळे चेकसम ताडले. त्याचा फोन आला: "काका, सगळे जुळले, एकपण लाल नाही." इथल्या प्रतीतल्याही काही फाइल उघडून ऐकल्या, मग एसएसडीवरची पहिली तुकडी पुसली. उद्यापासून मिरजेच्या कॅसेट. त्यांतल्या तीन-चारांची फीत डब्यात चिकटलेली दिसते, त्या आधी नव्या डब्यात भराव्या लागतील.